नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

जुलैतली संध्याकाळ होती, बाहेर साताऱ्याचा पाऊस. शेजारच्या वहिनींची मुलगी दारात उभी राहिली तेव्हा अगदी रडवेली झाली होती. अभियांत्रिकी प्रवेशाचा पसंतिक्रम रात्री बाराच्या आत भरायचा होता, आणि आठ वाजल्यापासून घरातलं नेट बंद होतं. पावसामुळे मोबाइलची रेंजही येत-जात होती.

“काकू, राउटर दोनदा बंद-चालू केला,” ती म्हणाली. “ऑपरेटरच्या ऑफिसात फोन केला तर ते म्हणतात, लाइन ठीक आहे, तुमच्या कॉम्प्युटरमध्येच काहीतरी असेल. कॉम्प्युटरवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणतात, लिनक्स आहे ना, मग असंच होणार. विंडोज टाकून घ्या.”

त्यांच्याकडे जुना डेस्कटॉप आहे आणि त्यावर लिनक्स मिंट. मी तिला कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबायला सांगितली. टर्मिनलची काळी खिडकी उघडली. तिथे तिने एकच ओळ टाइप केली : पिंग, एक जागा सोडून १.१.१.१. लगेच उत्तरांची रांग लागली. प्रत्येक ओळीच्या शेवटी वेळ येत होती. १२ मिलिसेकंद, ११, पुन्हा १२. मग तीच कमांड तिने आकड्यांऐवजी एका संकेतस्थळाचं नाव घालून दिली. या वेळी थोडा वेळ काहीच आलं नाही आणि मग एक ओळ उमटली. तिचा अर्थ होता, या नावाचा पत्ता मिळत नाही.

दोन ओळींत सगळं कळलं. लाइन ठीक होती, संगणकही ठीक होता. बंद पडला होता तो नावावरून पत्ता सांगणारा ऑपरेटरकडचा सर्व्हर. त्यावर काय केलं ते पुढे येईलच. साडेआठला पसंतिक्रमाचं पान तिच्यासमोर उघडलेलं होतं.

‘नेट गेलं’ हे वाक्य ‘बरं वाटत नाही’ या वाक्यासारखं आहे. ते खरं असतं, पण तेवढ्यावरून औषध देता येत नाही. घरातला संगणक आणि दूरचं संकेतस्थळ यांच्यामध्ये बरेच दुवे असतात आणि बहुतेक वेळा त्यांतला एकच निखळलेला असतो. तो न शोधता संगणक फॉरमॅट करायचा, नवा राउटर आणायचा, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. या प्रकरणात आपण तो दुवा शोधायला शिकणार आहोत. लिनक्स या कामाला फार चांगला सोबती आहे, कारण लागणारी जवळजवळ सगळी साधनं त्याच्याबरोबरच येतात. पुढे कमांडचे उच्चार दिले आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

पहिला खडा दूर टाका

पिंग हा छोटा प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. ते अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होते, आणि तिथल्या नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र घडत होतं. पाणबुडीचा सोनार पाण्यात आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकून अडथळा किती दूर आहे ते ओळखतो. मूस यांनी तीच युक्ती नेटवर्कवर वापरली आणि सोनारच्या आवाजावरूनच प्रोग्रॅमला नाव दिलं. पिंग समोरच्या यंत्राला विचारतो, ‘आहेस का?’ उत्तर आलं की यायला-जायला किती वेळ लागला तो मोजतो. लिनक्सवर तो थांबवेपर्यंत चालू राहतो. थांबवायला कंट्रोल आणि सी.

पहिला पिंग १.१.१.१ लाच का? हा क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता आहे आणि तो आकड्यांत आहे, त्यामुळे नाव शोधण्याची पायरीच लागत नाही. तिथून उत्तर आलं तर तार, वायफाय, संगणकाचा पत्ता, राउटर आणि घराबाहेरची लाइन हे सगळे एका फटक्यात संशयातून सुटतात. उत्तर नाही आलं तर बिघाड त्यांच्यातच आहे. काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच्या गप्प बसण्यावर निकाल देऊ नये, गुगलचा ८.८.८.८ हा पत्ताही करून पाहावा.

दुसरी शहानिशा याहून सोपी आहे. त्याच वायफायवर घरातला फोन चालतो का? पण आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर वायफाय मेलेलं असताना फोन गुपचूप डेटावर चालतो आणि आपली दिशाभूल होते. फोन चालतो आणि संगणक चालत नाही, तर संगणकाकडे बघा. दोन्ही बंद, तर संगणकाला हात लावू नका. त्या संध्याकाळी हा प्रश्न त्या मुलीला कुणीच विचारला नव्हता.

तार आणि तरंग

१.१.१.१ कडून उत्तर आलं नाही, असं धरू. आता सगळ्यात जवळच्या दुव्यापासून सुरुवात करायची. ‘आयपी लिंक’ ही कमांड संगणकातली सगळी नेटवर्क कार्डं दाखवते. ‘ईएनपी३एस०’, ‘डब्ल्यूएलपी२एस०’ अशी नावं पाहून बिचकू नका. ‘ईएन’ म्हणजे तारेचं इथरनेट, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे वायफाय, आणि पुढचे आकडे ते कार्ड संगणकात कुठे बसवलंय ते सांगतात. जुन्या लेखांमध्ये ‘आयएफकॉन्फिग’ ही कमांड सांगितलेली असते. आता बहुतेक ठिकाणी तिची जागा ‘आयपी’ने घेतली आहे.

तारेच्या कार्डासमोर ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर पलीकडून विजेचा संकेतच येत नाही. पिन पुरती बसलेली नाही, तार मध्ये कुठेतरी तुटली आहे किंवा राउटरचं ते पोर्ट मेलं आहे. पिन बसताना ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तिच्यावरची प्लॅस्टिकची छोटी जीभ मोडलेली असेल तर ती बसल्यासारखी दिसते आणि हळूहळू सुटते. तार आणि पोर्ट आलटून-पालटून पाहा, पण एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट आलं, तर कशामुळे आलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

वायफायचं कार्ड यादीत दिसतच नसेल तर बहुधा त्याचा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर नाही. कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरला लागणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. काही कार्डांचं फर्मवेअर मुक्त परवान्याचं नसल्यामुळे काही लिनक्स वितरणं ते सुरुवातीला देत नाहीत. ‘सुडो डीमेसेज’ ही कमांड संगणक सुरू झाल्यापासूनची कर्नलची रोजनिशी दाखवते. फर्मवेअर सापडलं नसेल तर तिथे फाइलच्या नावासकट तशी नोंद असते. ते उतरवून घ्यायला नेट लागतं आणि नेट तर नाही. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचं. लिनक्स फोनला बहुतेक वेळा तारेचं कार्ड समजून लगेच स्वीकारतं.

कार्ड आहे पण बंद आहे, हाही प्रकार नेहमीचा. लॅपटॉपवरचं विमानाचं चिन्ह असलेलं बटण चुकून दाबलं जातं. ‘आरएफकिल’ ही कमांड सांगते की वायफाय सॉफ्टवेअरने अडवलंय की बटणाने. सॉफ्टवेअरचा अडसर कमांडने निघतो. बटणाचा अडसर बटणानेच काढावा लागतो.

धर्मशाळेतली खोली

तार जोडलेली आहे, वायफाय लागलेलं आहे, तरी नेट नाही. आता पाहायचं ते संगणकाला पत्ता मिळालाय का.

आषाढीला पंढरपुरात धर्मशाळेत उतरणाऱ्या वारकऱ्याला खोली मिळते ती ठरावीक मुदतीपुरती. व्यवस्थापक वहीत नोंद करतो, किल्ली देतो आणि मुदत संपली की तीच खोली दुसऱ्याला देतो. राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते असेच देतो. संगणक जोडला गेला की तो हाक मारतो, ‘इथे पत्ते वाटणारं कोणी आहे का?’ राउटर त्याला एक मोकळा पत्ता, त्याची मुदत, बाहेर जायचा दरवाजा आणि नावं विचारायचं ठिकाण असं सगळं एकदम देतो. १९९३ मध्ये प्रथम मांडलेल्या या पद्धतीचं नाव डीएचसीपी.

‘आयपी अ‍ॅडर’ ही कमांड दिलेला पत्ता दाखवते. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. असे काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे साताऱ्यातल्या हजारो घरांत १९२.१६८.१.५ हा एकच पत्ता एकाच वेळी असू शकतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. पत्ता दिसतच नसेल, किंवा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाच्या हाकेला कुणी ओ दिलेली नाही. १६९.२५४ हे पत्ते यंत्र स्वतःच ठरवून घेतं आणि त्यांवर घराबाहेर जाता येत नाही. जोडणी एकदा बंद करून पुन्हा चालू करा म्हणजे संगणक नव्याने हाक मारेल. तरीही पत्ता मिळाला नाही आणि घरातल्या बाकीच्या यंत्रांनाही मिळत नसेल, तर मात्र राउटर बंद-चालू करण्यात अर्थ आहे.

काही गावांत ऑपरेटरची तार राउटरशिवाय थेट संगणकात जाते आणि ऑपरेटरकडे त्या कार्डाचा कारखान्यात दिलेला क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, नोंदवलेला असतो. नवा संगणक आणला की क्रमांक बदलतो आणि वरून सगळं ठीक असूनही पत्ता मिळत नाही. तिथे संगणकात खटपट करून उपयोग नाही. नवा क्रमांक ऑपरेटरला कळवायचा.

पत्ता मिळाला की ‘आयपी रूट’. ‘डीफॉल्ट’ या शब्दाने सुरू होणारी ओळ बाहेर जायचा दरवाजा सांगते, बहुतेक वेळा राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१ सारखा. त्याला पिंग करा. तारेवर उत्तर मिलिसेकंदाच्या आत-बाहेर येतं. वायफायवर त्याला दोन-चार मिलिसेकंद लागले तरी चालेल. पण तिथेच उत्तरं गळत असतील किंवा शंभराच्या पुढे जात असतील तर दोष घरातच आहे. ‘डीफॉल्ट’च्या दोन ओळी दिसल्या तर थांबून विचार करा. तार आणि वायफाय दोन्ही जोडलेले असतात तेव्हा लिनक्स तारेला पसंती देतं. ती तार बंद पडलेल्या जुन्या मोडेमला जोडलेली असेल तर वायफाय उत्तम असूनही सगळं अडतं. तार काढली की रस्ता मोकळा होतो.

डब्याच्या पलीकडे

राउटर उत्तर देतो आणि १.१.१.१ देत नाही, म्हणजे बिघाड राउटरच्या पलीकडे आहे. इथे संगणक, आणि म्हणून लिनक्सही, संशयातून सुटले. आता डब्यावरचे दिवे वाचायचे.

आज बहुतेक शहरांत घरापर्यंत फायबर येते. ऑपरेटरकडून निघालेली एक काचेची तार वाटेत वीज न लागणाऱ्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. प्रकाश वाटत वाटत घरी पोचतो तेव्हा फार मंद झालेला असतो. नेहमीच्या उपकरणांसाठी उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही चालणारी मर्यादा आहे. उणे २७ म्हणजे एका मिलिवॉटचा सुमारे पाचशेवा भाग. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर हा आकडा दिसतो. नेट चालू असताना तो एकदा वहीत लिहून ठेवा. पुढे कधी उणे १९ चा उणे २८ झालेला दिसला तर तार कुठेतरी मुडपली आहे, उंदराने कुरतडली आहे किंवा जोडात घाण गेली आहे. ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला तर प्रकाश पोचतच नाही. टीव्हीच्या मागे फायबरचा काटकोनात दुमडलेला वळसा दिसला तर तो हलक्या हाताने सैल करा. त्यापलीकडे जाऊ नका आणि उघड्या फायबरच्या तोंडात कधीही डोकावू नका. तो प्रकाश अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे.

‘एलओएस’ लाल नाही पण ‘इंटरनेट’चा दिवा लाल किंवा बंद आहे, तर ओळख पटवण्यात अडचण आहे. बऱ्याच जोडण्यांमध्ये राउटर स्वतःकडे साठवलेलं नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन करतो. ही पद्धत पीपीपीओई. पैसे भरायचे राहिले असतील, पासवर्ड बदलला असेल किंवा ऑपरेटरकडचा सर्व्हर बंद असेल. राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेटने ते नाव आणि पासवर्डही पुसला जातो आणि तासाभराचा खोळंबा दोन दिवसांचा होतो.

बाहेरचा रस्ता कुठे तुटतो ते पाहायला ‘ट्रेसपाथ’ ही कमांड आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक निरोप्याला शिदोरी बांधून दिलेली असते. लिनक्स सहसा ६४ भाकरी देतं. प्रत्येक मुक्कामाला, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरवर, एक भाकरी संपते. शिदोरी संपली की निरोप्या तिथेच थांबतो आणि त्या मुक्कामाहून मूळ घरी निरोप येतो, ‘तुमचा माणूस इथे थांबला.’ ही सोय अशासाठी की वाट चुकलेला निरोप्या जन्मभर फिरत राहू नये. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅन जेकबसन यांनी तिचा उपयोग वाट शोधायला केला. पहिल्याला मुद्दाम एकच भाकरी द्यायची, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. परत येणाऱ्या निरोपांतून एकेक मुक्काम कळत जातो. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव ट्रेसराउट; ट्रेसपाथ त्याच कुळातला.

मधले काही मुक्काम निरोप पाठवत नाहीत, तिथे ‘नो रिप्लाय’ अशी ओळ येते. तिच्या पुढचे मुक्काम दिसत असतील तर काळजी नको. एका मुक्कामानंतर काहीच दिसत नसेल तर ती जागा लिहून ठेवा. आणि वेळ वाचताना अंतर लक्षात घ्या. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला निदान ७२ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्ष केबल वळणं घेत जाते, त्यामुळे लंडनचा पिंग याहून बराच वर दिसला तरी तो बिघाड नव्हे, भूगोल आहे.

नावांची वही

आता त्या संध्याकाळच्या बिघाडाकडे येऊ. आकड्याला उत्तर आणि नावाला नकार, हे डीएनएसचं लक्षण.

इंटरनेट लहान होतं तेव्हा सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि बाकीचे तिच्या प्रती उतरवून घेत. यंत्रं वाढली तसं हे पेलेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती वही जगभरच्या सर्व्हरांमध्ये वाटून टाकणारी डीएनएस ही व्यवस्था मांडली. जुनी वही अजून पुरती गेलेली नाही. प्रत्येक लिनक्स संगणकात ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘होस्ट्स’ नावाची फाइल आहे आणि साधारणपणे डीएनएसच्या आधी तीच पाहिली जाते. एखादंच संकेतस्थळ भलतीकडे जात असेल तर तिथे कुणी जुनी ओळ लिहून ठेवली आहे का, ते पाहावं.

‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही कमांड संगणक नावं कुणाला विचारतो ते सांगते. काही ठिकाणी १२७.०.०.५३ असा पत्ता दिसेल. तो संगणकाच्याच आतल्या मदतनिसाचा आहे. तो प्रश्न घेतो आणि पुढे पाठवतो. खरं उत्तर कोण देतं ते त्याच कमांडच्या खालच्या ओळींत असतं, आणि ते बहुधा राउटर किंवा ऑपरेटरचा सर्व्हर असतं. तो बंद असेल तर दुसऱ्या कुणाला विचारायचं. नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर डीएनएसचं ‘ऑटोमॅटिक’ बंद करून १.१.१.१ आणि ९.९.९.९ हे सार्वजनिक डीएनएस सर्व्हरांचे पत्ते लिहायचे आणि जोडणी बंद करून चालू करायची. त्या मुलीने केलं ते एवढंच.

नावाच्या दुव्यालाच चिकटून आणखी एक बिघाड येतो. पत्ते मिळतात, पण ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळावर धोक्याचा इशारा देतो. अशा वेळी आधी संगणकाची तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं संगणकाला अजून लागूच न झालेली वाटतात. सेल बदलला आणि घड्याळ लावलं की इशारे थांबतात.

पुलाखालचा आडवा बार

या सगळ्यांत माणसाला सर्वांत जास्त छळणारा बिघाड वेगळाच आहे. पिंग होतो, नावं मिळतात, काही पानं झटक्यात उघडतात आणि काही अर्धवट उघडून तशीच राहतात. छोटा मजकूर जातो, फोटो जात नाही. एका बँकेचं पान उघडतं, दुसरीचं उघडत नाही. माझ्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं तेव्हा मी महिनाभर याच्या मागे होते आणि प्रत्येक वेळी संशय ब्राउझरवर घेत होते.

रेल्वेच्या पुलाखाली रस्ता जातो तिथे आधी एक लोखंडी आडवा बार असतो. रिक्षा, मोटारी खालून निघून जातात. उंच ट्रक अडतो आणि त्याला मागे फिरायला सांगितलं जातं. इथरनेटवर एका खेपेत जास्तीत जास्त १५०० बाइट जातात. पीपीपीओई प्रत्येक खेपेवर स्वतःची ८ बाइटची चिठ्ठी चिकटवते, त्यामुळे आतल्या मालाला १४९२ ची जागा उरते. एरवी उंच खेप अडली की वाटेतला राउटर ‘माल कमी भरा’ असा निरोप मागे पाठवतो. पण सुरक्षेच्या नावाखाली कुणी असे निरोपच अडवून ठेवले तर पाठवणाऱ्याला काही कळत नाही. तो तीच उंच खेप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ती पुन्हा पुन्हा अडते. पिंगची खेप रिक्षाएवढी असते. म्हणून तो आरामात जातो, आणि आपल्याला वाटतं, लाइन तर ठीक आहे.

तपासायला पिंगलाच ट्रक करायचं. ‘पिंग -एम डू -एस १४७२’ आणि पुढे पत्ता. (इथला एम मोठ्या अक्षरातला.) ‘-एम डू’ म्हणजे मालाचे तुकडे करू नकोस. १४७२ मध्ये वेष्टनाचे २८ मिळवले की १५०० होतात. हे जात नसेल आणि १४६४, म्हणजे १४९२, जात असेल तर बार कुठे आहे ते कळलं. ‘ट्रेसपाथ’ही त्याच्या उत्तरात ‘पीएमटीयू’ या शब्दापुढे हा आकडा दाखवतो. उपाय अगदी साधा आहे. राउटरमध्ये किंवा लिनक्सच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘एमटीयू’च्या रकान्यात १४९२ लिहायचं. माझ्या महिन्याभराच्या त्रासाला शेवटी हे चार आकडे पुरले, आणि त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय संशय घेणं सोडलं.

नेट आहे, पण हळू आहे

२००४ च्या भारताच्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला पुरेसा होता. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट आहे. घरोघरी आता १०० मेगाबिटच्या योजना असतात, आणि तक्रारीही. पहिली तक्रार एककाची असते. योजना मेगाबिटमध्ये आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या आत-बाहेरचा आकडा दिसला तर ऑपरेटरने काही चोरलेलं नाही.

दुसरी तक्रार २०० मेगाबिटची योजना घेऊनही ९४ च्या पुढे न जाण्याची. हा ९४ चा आकडा फार बोलका आहे. इथरनेटच्या तारेत पिळलेल्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. एक जोडी तुटली किंवा पिन नीट दाबली नाही, तर दोन्ही टोकं बहुधा गुपचूप १०० वर समझोता करतात, आणि त्यातून हाती लागतात ते सुमारे ९४. ‘ईथटूल’ ही कमांड, कार्डाचं नाव पुढे लिहून दिली, की समझोता किती वेगावर झालाय ते सांगते. तार बदलली की बऱ्याचदा काम होतं.

वायफायवर वेग मुरतो तो भिंतींत आणि शेजाऱ्यांत. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ ही कमांड आसपासचे सगळे राउटर, त्यांचं चॅनल आणि संकेताचा जोर दाखवते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच : १, ६ आणि ११. सोसायटीत वीस राउटर ६ वर असतील तर आपला १ किंवा ११ वर न्यावा. जमल्यास ५ गिगाहर्ट्झवर. त्याची झेप कमी असते पण जागा मोकळी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच पट्ट्यात चालतो. जेवण गरम करतानाच नेट अडखळत असेल तर कारण स्वयंपाकघरात आहे. मात्र वेगाची तक्रार करण्याआधी एकदा तरी तारेवर मोजा. वायफायवर मोजलेला वेग लाइनचा असतो की भिंतींचा, ते सांगता येत नाही.

सांगायचं कसं

ऑपरेटरकडे फोनवर बसलेल्या माणसासमोर दिवसभर एकच वाक्य येत असतं : नेट गेलंय. त्याच्याजवळ एकच उत्तर असतं : राउटर बंद करून चालू करा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पुढे जायला काही दिलेलंच नसतं. म्हणून फोन करण्याआधी पाच ओळी कागदावर लिहा. संगणकाला पत्ता मिळाला का. राउटर पिंगला उत्तर देतो का. १.१.१.१ देतं का. नाव चालतं का. दिवे कोणते, कोणत्या रंगाचे आणि केव्हापासून. तक्रारीचा क्रमांक त्याच कागदावर टिपून घ्या. दर वेळचा कागद जपून ठेवला तर चार महिन्यांत त्यातून आकार दिसू लागतो : दर संध्याकाळी नऊला, दर पावसानंतर, दर वेळी वीज आल्यावर.

ऑगस्टच्या शेवटी वहिनींकडचं नेट पुन्हा गेलं. या वेळी ती मुलगी माझ्याकडे आली नाही. ती जिन्यात उभी राहून ऑपरेटरशी बोलत होती आणि मी दारातून ऐकत होते.

“दादा, कॉम्प्युटरला पत्ता मिळालाय. राउटरला पिंग केलं तर एक मिलिसेकंदात उत्तर येतंय, त्याच्या पुढे काहीच जात नाही. एलओएसचा दिवा सकाळी दहापासून लाल आहे. राउटर बंद-चालू करून झालाय.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग विचारणा झाली, “ताई, वायर बाहेरून कोणत्या बाजूने आत येते?”

तासाभरात लाइनमन आला. तो घरात आलाच नाही. त्याने खांद्यावरची शिडी थेट कोपऱ्यावरच्या गुलमोहराला लावली. रात्रीच्या वाऱ्यात मोडलेली फांदी फायबरवर आडवी पडली होती.